पेल्याच्या पुढं, भाकरीच्या अलीकडं

“कुणी उतरायचं न्हाई,” दस्तगीरमामा गाडीच्या बाजूला जमिनीवर पडून ओरडले. “अजून जरा डावीकडं सरका. सगळी डावीकडं.”

गाडीत चार पैलवान बसले होते. चौघांचं मिळून वजन चारशे दहा किलो. हा अंदाज नाही, पलीकडच्या भंगारवाल्याच्या काट्यावर एकेकाला उभं करून मोजलं होतं. रुंद चाकं बसवलेली गाडी रिकामी उभी असते तेव्हा फार शहाणी दिसते. माणसं बसली की ती खाली दबते आणि चाक वर मडगार्डाच्या आतल्या कडेला घासतं. कड म्हणजे पत्र्याची आत वळलेली धार. ती टायर कापते. म्हणून भरल्या गाडीत बघायचं, कुठं घासतंय आणि किती. बाकीचे लोक त्यासाठी वाळूची पोती भरतात. आमची शेड कोल्हापुरात, उद्यमनगरात, आणि शेडच्या मागं तालीम. शिवाय पोत्यांना ‘डावीकडं सरका’ म्हणता येत नाही.

पैलवान हातातली केळी सांभाळत सरकले. गाडी एका अंगाला कलली.

मामा डाव्या मागच्या चाकाशी उताणे पडून टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत बोटं घालून चाचपत होते. “अजून एक सूत जागा हाय,” ते म्हणाले. “बाजीराव, जरा उसळी मार.”

बाजीराव त्या चौघांतला थोरला. त्यानं बसल्या जागी उसळी मारली. मी उकिडवा बसून बघत होतो. फट मिटली. मामांची मधली दोन बोटं आतच होती.

“मामा!”

“थांब रं. बाजीराव, अजून एक.”

“मामा, बोटं!”

“कुणाची?”

मी पैलवानांना उतरवलं. गाडी वर आली, मामांनी हात बाहेर काढला, तोंडासमोर धरला आणि अगदी साध्या चौकशीच्या सुरात विचारलं, “रक्त कुणाचं हे?”

पैलवान हसले. मीही हसलो. मामांचं बोलणं असंच असतं, असं मी त्यांना सांगितलंसुद्धा. मामांनी दोन बोटांना मास्किंग टेप गुंडाळली आणि म्हणाले, “डावं मागचं बोटभर बाहेर वढायला लागणार. बाकी तीन नुसती लाटून भागंल.”

या गोष्टीला पाच वर्षं झाली. माझं नाव इंद्रजित भोपळे. तेव्हा मी तेवीस वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला तीनदा बसलेला, आणि वडील वारल्यामुळं त्या शेडचा मालक होतो. मालक म्हणजे पाटीवर नाव माझं. गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि रंग मारायचा, ही माझी कामं. पत्रा मामांचा. वडिलांनी शेड टाकली त्या दिवसापासून दस्तगीर मुल्लाणी तिथं पत्रा ठोकत होते. ठोकून ठोकून त्यांना ऐकू कमी यायचं. पण पत्र्यावर हात फिरवून ते सांगायचे, हा दरवाजा आधी कुठं, कशाला आणि साधारण कुणाच्या चुकीनं धडकलाय.

गाडी होती रणधीर सरनोबतची. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एस्टीम, आजोबांनी घेतलेली, गडद हिरवी. सरनोबत म्हणजे कागलच्या बाजूचा, माझ्याच वयाचा, फार सभ्य मुलगा. येताना नमस्कार, जाताना नमस्कार. त्याची अट एकच होती.

“रंग मूळचा आहे, भावा. आजोबांच्या वेळचा. चरा चालेल, तडा नको. येत्या रविवारी सांगलीला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. आमच्या ग्रुपच्या अजून अकरा गाड्या आहेत, सगळे तिथं बघतील.”

मडगार्ड लाटायची पद्धत अशी. चाक काढायचं. चाकाच्या जागी एक लोखंडी दांडा बसवायचा, त्याच्या टोकाला रोलर. दांडा मागंपुढं करत रोलरनं आतली कड दाबत न्यायची, की ती वळून वर चिकटते. आणखी दाब दिला की अख्खं मडगार्डच बाहेर येतं. पत्रा वळतो, रंग वळत नाही. म्हणून बाहेरून हीटगननं गरम वारा सोडून रंग मऊ करायचा. थंड राहिला तर तडकतो, जास्त तापला तर फुगतो. मधली जागा किती, हे मामांनी मला शेडवर आलो त्याच आठवड्यात शिकवलं होतं.

“तळवा लाव. काय वाटतंय?”

“गरम.”

“गरम म्हंजे कसलं? चार गरम असत्यात. कोमट दूध, च्याचा पेला, तव्यावरची भाकरी आणि तवा. आपल्याला पेल्याच्या पुढं आणि भाकरीच्या अलीकडं पायजे. भाकरी आली की हात आपसूक उठतो. हात उठला की गन बाजूला.”

एवढंच यंत्र. हात उठला की गन बाजूला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी एक गंमत केली.

मामा गाडीला टेकून फोनवर मामींशी बोलत होते. विषय मटणाचा, त्यामुळं लक्ष पूर्ण तिकडं. डाव्या हातात फोन, उजवा मागं लोंबत होता. आमच्याकडं रंग मारताना गाडीवर वर्तमानपत्र अडकवायला कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. चांगले कडक. मी एक घेतला आणि मामांच्या करंगळीला लावला. लावून दोन पावलं मागं सरकलो, कारण आता शिवी येणार होती.

शिवी आली नाही. मामांनी फोन ठेवला, “च्या सांगून येतो,” म्हणाले आणि चिमट्यासकट निघाले. सुबरावची टपरी गल्लीच्या टोकाला. मी शेडच्या दारातून बघत राहिलो. वाटेत स्प्रिंगवाला भेटला, त्याच्याशी ते हातवारे करत बोलले. चिमटा हिरवा होता, लांबून दिसत होता. स्प्रिंगवाला हसला. टपरीवर चौघं उभे होते, चौघंही हसले. मामा दोन ग्लास एका हातात धरून परत आले. करंगळी बाजूला, तिला चिमटा, लग्नात मानाचा विडा धरावा तसा.

“आज गल्ली लई खुशीत हाय,” मामा म्हणाले. “सुबराव तर च्या वतताना हसतोय. तुझ्या शर्टाला मागं काय लागलंय काय बघ. तुझ्यावरच असणार.”

मी ग्लास घेतला. हातात धरवेना इतका गरम होता, खाली ठेवला.

“मामा, उजवा हात बघा.”

त्यांनी बघितला. मी हसायच्या तयारीत होतो, म्हणजे चेहरा करून ठेवला होता. मामांनी चिमटा सावकाश काढला. करंगळीवर खोल पांढरी खाच पडली होती. ती त्यांनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “कधी लावलास?”

“मटणाच्या वेळी.”

“आणि मी टपरीवर जाऊन आलो.”

“स्प्रिंगवाल्याशीपण बोललात.”

मामांनी चिमटा जिथून काढला होता तिथं, वर्तमानपत्राला, परत लावला. मग उलट्या डब्यावर बसले.

“दोन वर्सं झाली,” ते म्हणाले. “आधी पाय. चप्पल वाटंत कुठं निसटली कळायचं न्हाई. दोनदा एका चपलीवर घरी गेलोय. मग बोटं. आता मनगटापतोर काय न्हाई. हातमोजा घालून हातमोजा धरावा तसं.”

“साखर?”

“असंल.”

“दवाखान्यात दाखवलं?”

“डागदर काय सांगणार? मला कळलंय तेच परत सांगणार. आणि घरी बस म्हणणार.”

“मग पत्रा कसा बघता?”

“डोळ्यानं. आणि खांद्यानं. दांडा दाबला की खांद्याला कळतंय.” त्यांनी चहा घोटभर पिऊन बघितला, जिभेला भाजल्यावर थांबले. “जीभ चांगली हाय अजून. पर गिऱ्हाइकाच्या गाडीला जीभ लावून कसं चालंल?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“कुणाला बोलायचं न्हाई, इंद्रा. हात कळत न्हाई म्हटल्यावर दस्तगीर राहिला कोण? शेडमधला पंखा? शपथ घे.”

“कुणाची?”

“तुझ्या बापाची.”

“ते गेलेत, मामा.”

“म्हणूनच म्हणतोय. त्यास्नी आता काय व्हायचं न्हाई.”

मी शपथ घेतली. मग म्हणालो, “पण ही गाडी?”

“ही गाडी मी करणार.”

“कशी?”

दुपारी मी आत्याकडून एक यंत्र आणलं. आत्या आशा सेविका होती, कोरोनाच्या साथीत घरोघरी जाऊन लोकांच्या कपाळावर धरायचं ते पांढरं पिस्तूल तिच्याकडं होतं. मी हीटगननं पत्रा तापवला आणि पिस्तूल मडगार्डावर धरलं. यंत्र दोनदा ओरडलं आणि लाल झालं. ते माणसाच्या तापापुरतंच बनवलेलं. त्याच्या हिशेबानं एस्टीम केव्हाच दगावली होती.

“ठेव ते,” मामा म्हणाले. “मडगार्डाला क्वारंटाइन करशील.”

पत्र्याचं तापमान मोजायचं खरं यंत्र मिळतं. आमच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून एका हार्डवेअरच्या दुकानात काचेमागं टांगलेलं होतं. ते मी नंतर घेतलं.

त्या दुपारी आम्ही वेगळीच तोड काढली. मामांनी काढली. दांडा ते चालवणार. माझ्या एका हातात गन, दुसऱ्या हाताचा तळवा रंगावर. आणि मी बोलायचं. तसं शेडवर कुणी आलं तर मी शिकतोय, असं दिसणार.

“दूध,” मी म्हणायचो. “दूध. दूध. पेला.”

“नुसता पेला का भरून?”

“भरून. पेल्याच्या पुढं... पुढं... भाकरी! भाकरी!”

“मग गन काढ की! वरडतोस काय भाकरी भाकरी? लोकांस्नी वाटंल उपाशी ठेवलंय.”

तीन मडगार्डं अशी झाली. एकाच्याही रंगाला केसभर तडा नाही. माझा तळवा संध्याकाळपर्यंत लालबुंद झाला. एकदा तर मामांनी तो उलटा करून बघितला आणि त्यावर फुंकर घातली. मग म्हणाले, “दुखतंय?”

“दुखतंय.”

“लई?”

“लई.”

“बरं हाय,” ते म्हणाले. ते कौतुकानं म्हणाले की हेव्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

राहिलं डावं मागचं, जे बोटभर बाहेर काढायचं होतं. ते शनिवारी सकाळी ताज्या दमानं करायचं ठरलं. सरनोबत संध्याकाळी चार वाजता येणार होता. आम्ही दहाला सुरू केलं. सव्वादहाला सरनोबत दारात उभा. हातात पेढ्यांचा बॉक्स.

“नमस्कार मामा. राहवलं नाही. म्हटलं बघू तरी, कसं करतात.”

मामांचा हात दांड्यावर थांबला. माझा तळवा मडगार्डावर होता, आणि मी त्याच क्षणी ‘पेला’ म्हणालो होतो.

“पेला काय?” सरनोबतनं विचारलं.

“चहा मागवू का, म्हणत होतो,” मी म्हणालो.

सरनोबत जवळ आला. झालेली तीन मडगार्डं त्यानं वाकून, मोबाइलचा उजेड टाकून बघितली. “एक तडा नाही,” तो हळू म्हणाला. देवळात बोलतात तसं. मग मामांकडं वळून म्हणाला, “मामा, आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणत होते, मूळ रंगावर हे काम पुण्याला पण कुणी अंगावर घेत नाही. मी म्हटलं, आमच्या मुल्लाणी मामांच्या हातात थर्मामीटर आहे.”

हे वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत आलो. सगळा दोष त्या वाक्यावर टाकता येतो. वाक्याला काही फरक पडत नाही.

मामा सरळ उभे राहिले. “इंद्रा, तू जरा बाजूला हो.”

“मामा, मी धरतो की. शिकायला...”

“काल शिकलास तेवढं बास. आजचं वढायचं काम हाय.” मग सरनोबतला म्हणाले, “तुम्ही धरता का गन, साहेब? आपली गाडी हाय, आपला हात लागू दे.”

सरनोबतला एवढा आनंद झाला की त्यानं पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि बाह्या सरसावल्या. मी बॉक्स घेऊन उभा राहिलो. दोन फुटांवर.

मामांनी उजव्या हातानं दांडा धरला. डावा, टेप गुंडाळलेल्या दोन बोटांचा, मडगार्डावर ठेवला. तळवा पूर्ण टेकवून.

“असं गोल फिरवत ऱ्हावा,” ते सरनोबतला म्हणाले. “मी सांगंपतोर थांबायचं न्हाई.”

गरम वारा सुटला. सरनोबत गन सावकाश फिरवत होता, मामांच्या तळव्याच्या कडेकडेनं. मी मनात म्हणालो, दूध. मग पेला. काल माझा हात जेवढ्या वेळात उठायचा तेवढा वेळ मी बरोबर ओळखत होतो. भाकरी. आता उचलतील, डोळ्यानं बघून तरी उचलतील. मामांचे डोळे पत्र्याच्या आतल्या बाजूला, रोलरवर होते. दांडा मागं गेला, पुढं आला. पत्रा करकरला आणि बाहेर सरकायला लागला. मी आकडे मोजायला लागलो, कारण दुसरं काय करावं सुचेना. आठ. नऊ. दहा. जुन्या गाडीचा रंग ऐंशी डिग्रीला दम धरतो. माणूस त्याच्या बराच आधी सोडतो. अठरा. एकोणीस.

“मामा,” सरनोबत म्हणाला, “भाजत नाही का हो?”

“चाळीस वर्सांची सवय,” मामा म्हणाले.

सरनोबतनं माझ्याकडं बघितलं. मुलगा सभ्य होता, पण बिनडोक नव्हता. त्याच्या कपाळावर आठी होती. गन किंचित मागंही घेतली होती त्यानं. तो माझ्याकडं विचारायला बघत होता की हे ठीक आहे का. मी फक्त ‘नाही’ अशी मान हलवायची होती. शपथही मोडली नसती, कारण बोलायची गरज नव्हती.

मामांनीही माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, “मामा रोज सकाळी दोन निखारे खाऊन येतात. एक नुसता, एक पावाबरोबर.”

सरनोबत हसला. मोकळा हसला, आठी गेली. गन पुन्हा जवळ आली.

चौतीसपर्यंत मोजलं मी. चौतीसला दांडा शेवटचा फिरला आणि मामा म्हणाले, “बंद करा.” मग हात उचलायला गेले. हात लगेच उठला नाही. जरा चिकटला, मग उठला.

रंगाला तडा नव्हता. हिरव्या रंगावर पांढुरकं काहीतरी लागलेलं होतं, हाताच्या आकाराचं.

“हे काय?” सरनोबत म्हणाला.

“टेपचा गोंद,” मामा म्हणाले. त्यांनी थिनरमध्ये बुडवलेली चिंधी घेतली, त्याच हातात, आणि ते पुसून काढलं. थिनर त्यांच्या मनगटापर्यंत ओघळलं. चांगल्या कातडीवर थिनर सांडलं तरी मी नाचतो. मामा शांतपणे पुसत होते. वास आला होता. सरनोबतला वाटलं असेल, रंगाचा. मी रंगारी, मला रंगाचे सगळे वास माहीत आहेत.

मग मामांनी हात पँटच्या खिशात घातला आणि दुपारपर्यंत बाहेर काढला नाही.

पैलवान आले. चौघं मागच्या-पुढच्या सीटवर बसले, सरनोबतनं गाडी गल्लीतल्या तिन्ही गतिरोधकांवरून नेली. कुठंच घासलं नाही. बाजीराव खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, “मामा, लोण्यासारखी!” स्प्रिंगवाला बाहेर आला, सुबराव आला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. सरनोबत मामांच्या पाया पडला. मामांनी उजव्या हातानं त्याला आशीर्वाद दिला आणि म्हणाले, “टायरमध्ये हवा जरा कमीच ठेवा दोन दिवस.”

सगळे गेल्यावर मी म्हणालो, “मामा, हात बघू.”

“बघायला काय ठेवलंय? घरी जाऊन हळद लावतो.”

“दवाखान्यात चला. माझ्या गाडीवरून.”

“सोमवारी बघू.”

मी ‘बरं’ म्हणालो. हेही लिहून ठेवलं पाहिजे. दोनदा विचारलं नाही.

सोमवारी मामा आले नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी जुबेदामामींचा फोन आला, सरकारी दवाखान्यातून. साखर साडेचारशेच्या वर. तळवा काळा पडला होता. आधी दोन बोटं काढली, गाडीखाली सापडलेली तीच. नंतरच्या आठवड्यात तिसरं. मग तळव्याचा अर्धा भाग. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, आता एवढ्यावर थांबेल, आणि ते थांबायचं नाही. शेवटी मनगटावर थांबलं.

मेळाव्याचे फोटो सरनोबतनं मला पाठवले होते. एस्टीमभोवती गर्दी. त्याच्या ग्रुपच्या अकरापैकी चार गाड्यांनी त्याच आठवड्यात आमची शेड गाठली. मी सांगितलं, सध्या काम बंद आहे. कारण विचारलं तर म्हणालो, यंत्र दुरुस्तीला गेलंय. असल्या गोष्टी माझ्या तोंडून आपोआप येतात.

मामा घरी आल्यावर दोन महिन्यांनी मी गेलो. आधी जायला हवं होतं. सदर बाजारात त्यांचं दोन खोल्यांचं घर, दारात जाईचा वेल. दुपारची वेळ. मामा कॉटवर बसून रेडिओ ऐकत होते, मोठ्यानं. मामींनी सरबत दिलं, रेडिओ बंद केला आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

“इंद्रा, एक इचारू?”

“विचारा की.”

“तू तिथंच होतास न्हवं? हे झालं तवा?”

“होतो.”

“किती लांब?”

मी हातानं दाखवलं. दोन फूट.

“मग तुला दिसलं न्हाई?”

पाच वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगताना चिमट्यापासून सुरू करतो आणि निखाऱ्यांपाशी थांबतो. फार हसतात. चिमटा मी गंमत म्हणून लावला, असं सांगतो. गुरुवारी ‘रक्त कुणाचं’ ऐकल्यावर रात्रभर झोपलो नव्हतो, आणि चिमटा लावताना खात्री करत होतो, हे सांगत नाही. ज्याला खात्री झाली होती तो माणूस शनिवारी पेढ्यांचा बॉक्स धरून उभा होता.

मामींना उत्तर मामांनी दिलं.

“त्याला काय म्हाईत? त्याची पाठ व्हती माझ्याकडं. चुलीवर लक्ष ठेव, दूध उतू जाईल.”

मामी आत गेल्या. दूध चुलीवर नव्हतंच, हे त्यांना आणि मला दोघांनाही दिसत होतं.

निघालो तेव्हा मामा सोडायला गल्लीपर्यंत आले. डाव्या बाहीचं टोक मामींनी शिवून बंद केलं होतं. व्यवस्थित, दुहेरी टीप. आम्ही पिठाच्या गिरणीपाशी थांबलो.

“चांगलं झालं तू गप्प बसलास,” मामा म्हणाले.

“मामा...”

“ऐक. तो पोरगा तुझ्याकडं बघत व्हता. मला वाटलं, आता सांगतोय. सांगितलं असतंस तर त्याच्या म्होरं माझं काय राहिलं असतं? आख्ख्या उद्यमनगरात झालं असतं, मुल्लाणीला कळत न्हाई.” ते समाधानानं मान हलवत होते. “आता कसं, हात गेला म्हणत्यात. हात गेला म्हणायला काय, कुणाचाबी जातो. तेवढी तू माझी अब्रू राखलीस, बाळा. तुझ्या बापानं राखली असती तशी.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी, ज्याला कुठंही काहीही सुचतं. गिरणीचा पट्टा फटफटत होता. आतून पीठ उडत होतं आणि आमच्या दोघांच्या अंगावर बसत होतं.

मामांनी उजवा हात पुढं केला. तेवढ्यात गिरणीवाल्यानं आतून सलाम केला, म्हणून त्यांची मान तिकडं वळली आणि ते त्याच्याशी बोलायला लागले, पाऊस, विजेचं बिल, त्याच्या मुलीचं लग्न. हात माझ्यासमोर तसाच होता. मी तो दोन्ही हातांत घेतला. दाबला. जोरात दाबला, मग आणखी जोरात, माझीच बोटं दुखेपर्यंत.

गिरणीवाल्याकडं बघतच मामांनी विचारलं, “धरलास काय रं?”